जपानची रंगवस्ती आणि मुरलेले गिऱ्हाईक



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल. काही मंडळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी येऊन पुढच्या खुर्च्या धरून बसली असतील. दोघांचीही थोडी निराशा होणार आहे, हे आधीच सांगितलेले बरे. जपानातील रात्रीच्या करमणुकीचे रसभरित वर्णन आम्ही करणार नाही, आणि तिच्या नावाने बोटे मोडण्यासाठीही आम्ही येथे उभे नाही. आम्हांला एका माणसाविषयी बोलावयाचे आहे. तो माणूस म्हणजे या धंद्यात वर्षानुवर्षे पैसे मोजून जाणता झालेला, मुरलेले गिऱ्हाईक.

असे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. तोक्योतील एका व्यापारी कचेरीतून निवृत्त झालेले, वयाने सत्तरीच्या पुढचे, वागायला अत्यंत सभ्य. शिम्बाशी स्थानकामागच्या एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आठ माणसे जेमतेम बसतील एवढे एक पानगृह होते. तेथे ते आम्हांला घेऊन गेले. अशा जागेला जपानात 'स्नॅक' म्हणतात. खाण्याच्या पदार्थांशी त्या नावाचा संबंध नावापुरताच. समोर लाकडी फळी, फळीपलीकडे दुकानाची मालकीण, जिला सारे 'मामा' म्हणतात, मागे बाटल्यांची मांडणी. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. आमच्या यजमानांची बाटली न सांगता समोर आली, गरम पाण्यात पिळलेला रुमाल हातात आला, आणि पुढचे दोन तास मामा त्यांच्या गुडघेदुखीची आणि नातवाच्या परीक्षेची चौकशी करीत राहिली. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "तीस वर्षे येतो आहे. या गल्लीतले मला ठाऊक नाही असे काही नाही." आम्ही सहज विचारले, "ही बाई राहते कोठे?" ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "ते विचारायचे नसते."

आजचे आमचे सारे सांगणे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. एका बाजूला 'सर्व ठाऊक आहे', दुसऱ्या बाजूला 'विचारायचे नसते'. मुरलेल्या गिऱ्हाइकाचे ज्ञान खरे असते, बारकाव्याचे असते. पण ते कोठे थांबते, आणि तेथेच का थांबते, हे पाहावयाचे आहे.

जपानी भाषेत या व्यवसायाला 'मिझु-शोबाई', म्हणजे पाण्याचा धंदा, असे नाव आहे. आज भरती तर उद्या ओहोटी, मिळकत वाहत्या पाण्यासारखी बेभरवशाची, असा त्याचा अर्थ सांगतात. या नावाखाली पुष्कळ निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि आपल्याकडचा पाहुणा प्रथम त्यांचाच घोटाळा करतो. गेइशा म्हणजे वेश्या, हा त्यांतला सर्वांत जुना घोटाळा. गेइशा ही कलावंत. गाणे, नाच, शामिसेनवादन आणि बैठकीतले चतुर बोलणे हा तिचा पेशा. पहिले गेइशा तर पुरुष होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून स्त्रिया त्या पेशात येऊ लागल्या, आणि गणिकांच्या धंद्यावर त्यांनी आक्रमण करू नये म्हणून १७७९ मध्ये योशिवारात त्यांच्या नोंदणीची वेगळी कचेरी स्थापन झाली. आपल्याकडे बैठकीची लावणी गाणारी आणि बाजारबसवी यांत जुनी माणसे जो भेद करीत, तसाच हा भेद. आणि आपल्याप्रमाणेच तेथेही तो व्यवहारात नेहमी पाळला गेला असे नाही.

आता योशिवाराकडे येऊ, कारण मुरलेल्या गिऱ्हाइकाचा जन्म तेथला. एदो म्हणजे आजचे तोक्यो. शोगुनाच्या या नव्या राजधानीत सैनिक, कारागीर, हमाल अशा एकट्या पुरुषांची दाटी झालेली. शहरभर विखुरलेले कुंटणखाने एका जागी आणावे, म्हणजे नजर ठेवता येईल, अशी विनंती धंद्यातल्याच एका पुढाऱ्याने केली. १६१७ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी वस्ती सुरू झाली. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ती असाकुसाच्या मागे, भातखाचरांच्या मधोमध हलविण्यात आली. मोबदला म्हणून जागा दीडपट मिळाली आणि पूर्वी फक्त दिवसा चालणारा धंदा रात्रीही चालविण्याची मुभा मिळाली. भोवती खंदक, आत शिरायला एक मोठा दरवाजा. खंदकाचे पाणी इतके काळे की दात काळे करण्याच्या रंगावरून त्याला 'दातवणाचा खंदक' म्हणत. गिऱ्हाइकाने या दरवाज्यातून हवे तेव्हा जावे यावे. आतल्या स्त्रीला परवान्यावाचून बाहेर पाऊल टाकता येत नसे.

दरवाज्याकडे येणारा रस्ता मुद्दाम वळणावळणाचा ठेवलेला होता, म्हणजे हमरस्त्यावरून आतले दिसू नये. त्या वाटेच्या तोंडाशी एक विलोचे झाड होते, लोंबत्या फांद्यांचे. पहाटे घरी परतणारा माणूस तेथपर्यंत येऊन एकदा मागे वळून बघे, म्हणून त्या झाडाचे नाव 'मिकाएरी यानागी', वळून पाहण्याचा विलो. मूळ झाड केव्हाच गेले, पण त्याच्या जागी पुनःपुन्हा लावलेले झाड आजही तेथे उभे आहे. हे झाड लक्षात ठेवावे. शेवटी आपल्याला पुन्हा त्याच्यापाशी यावयाचे आहे.

या वस्तीत गिऱ्हाइकाचे एक शास्त्रच तयार झाले. वर्षातून दोनदा 'साइकेन' नावाची मार्गदर्शिका छापली जाई. तीत कोणते घर कोठे, कोणत्या घरात कोण स्त्री, तिचा दर्जा कोणता, दर काय, हे सारे खुणांनी दाखविलेले असे. पुढे उतामारोची चित्रे छापून जगप्रसिद्ध झालेला प्रकाशक त्सुताया जूझाबुरो हा योशिवारातच जन्मलेला. त्याने दरवाज्यासमोर पुस्तकांचे दुकान थाटले आणि काही वर्षांत या मार्गदर्शिकांचा सारा व्यापार आपल्या हाती घेतला. वरच्या दर्जाच्या गणिकेकडे जाण्याचे संकेत मोठे नाजूक असत. पहिली भेट ओळखीची, दुसरी ती ओळख पक्की करण्याची, तिसऱ्या भेटीपासून माणूस 'परिचित' ठरायचा आणि त्याच्या नावाच्या जेवणाच्या काड्या त्या घरात ठेवल्या जायच्या, असे सांगतात. एकदा परिचित झाल्यावर त्याने दुसऱ्या घराची पायरी चढणे हा बेइमानीचा गुन्हा. म्हणजे पैसा मोजून घेतलेल्या वस्तूला लग्नाच्या विधीचा साज चढविलेला!

हे सर्व ज्याला अवगत तो 'त्सू', म्हणजे जाणता. ज्याला काहीच ठाऊक नाही, आवाज चढवतो, पैसे दाखवतो, तो 'याबो', म्हणजे गावंढळ. आणि या दोहोंच्या मधला, ऐकीव माहितीवर जाणतेपणाचा आव आणणारा, तो 'हानकात्सू', म्हणजे अर्धवट. तमाशाच्या फडात दौलतजादा करताना नोट कशी पुढे करावी यावरून माणसाची जात ओळखणारे शौकीन आपल्याकडेही होतेच. पण जपान्यांनी या जाणतेपणावर वाङ्मयाचा एक प्रकारच उभा केला. त्याला 'शारेबोन' म्हणतात. १७७० च्या सुमारास निघालेल्या या प्रकारातल्या एका प्रसिद्ध पुस्तकात एक अर्धवट गृहस्थ एका कोवळ्या तरुणाला योशिवाराचे धडे देण्यासाठी घेऊन जातो. रात्र संपते तेव्हा अर्धवटाला कोणी विचारीत नाही आणि त्या साध्या मुलाचा पाहुणचार झालेला असतो. एदोचे वाचक या गोष्टीला पोट धरधरून हसले.

या वाङ्मयाचा सर्वांत हुशार लेखक सान्तो क्योदेन. सावकारी करणाऱ्या घरातला मुलगा, चित्रकार, विनोदी लेखक आणि योशिवाराचा खरा जाणता. १७९१ मध्ये अशा तीन पुस्तकांबद्दल सरकारने त्याला पन्नास दिवस हातात बेड्या घालून बसविले. त्याचा प्रकाशक जूझाबुरो याची अर्धी मिळकत जप्त झाली. पण क्योदेनची एक गोष्ट या शिक्षेहून आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. त्याने दोन वेळा लग्न केले, आणि दोन्ही वेळा योशिवारातल्या स्त्रीशी. म्हणजे वळून पाहून तो तसाच पुढे गेला नाही. जिला पाहिले तिला दरवाज्याबाहेर आणले. जाणत्यांमध्ये असे थोडे.

असे थोडे का, हे समजण्यासाठी मार्गदर्शिकेत जे छापले जात नसे ते पाहिले पाहिजे. ते म्हणजे कर्ज. दुष्काळाने किंवा आजाराने नागवलेला बाप दलालामार्फत मुलीवर उचल घेई. 'उचल' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. सात-आठ वर्षांची पोर वस्तीत येई, मोठ्या गणिकेच्या हाताखाली वाढे, आणि कागदावर साधारण दहा वर्षांची मुदत असे. पण पांघरूण, कपडे, फण्या, औषध, सणाचा खर्च, सारे तिच्याच खात्यावर. कर्जाचा आकडा खाली येण्याऐवजी वर जाई. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपर्यंत जगली तर सुटण्याची आशा; पुष्कळजणी तोवर रोगाने किंवा आगीत गेल्या. वस्तीपासून थोड्या अंतरावर जोकान-जी नावाचे बुद्धमंदिर आहे. ज्यांचा देह न्यायला कोणी नसे त्यांना तेथे आणून टाकीत, म्हणून लोक त्याला 'टाकून द्यायचे मंदिर' म्हणत. १८५५ च्या भूकंपातही कितीतरी तेथे आणल्या गेल्या. अशा सुमारे २५,००० जणींची ती विश्रांतीची जागा मानली जाते.

म्हणजे जाणता ज्या नाजूक संकेतांचे कौतुक करी, त्या संकेतांचा खर्चही त्या खात्यावरच चढे. तिची महागडी वस्त्रे हा त्याच्या रसिकतेचा विषय आणि तिच्या कर्जाची रक्कम. दोघेही एकाच वस्त्राकडे पाहत. एकाला रंग दिसे, दुसरीला आकडा.

ही कर्जाची गाठ सोडविण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८७२ मध्ये चिनी मजुरांना घेऊन पेरूकडे निघालेले 'मारिया लूझ' नावाचे जहाज योकोहामा बंदरात शिरले. मजुरांना गुलामासारखे वागविले जात असल्याचे उघड झाले आणि जपानी न्यायाधिकाऱ्यांनी त्यांना मोकळे केले. तेव्हा जहाजाच्या बाजूने प्रश्न आला, की तुमच्या देशात मुली विकल्या जातात त्याचे काय? सरकारची पंचाईत झाली, आणि त्याच वर्षी गणिका व गेइशा यांना मुक्त करण्याचा हुकूम निघाला. कर्जाचे काय, यावर न्यायखात्याने दिलेला खुलासा तर विलक्षणच. या स्त्रियांनी माणूसपणाचे हक्क गमावलेले असल्याने त्या गाईघोड्यांसारख्या आहेत; गाईघोड्यांकडून कोणी कर्ज वसूल करीत नाही; म्हणून कर्ज रद्द! स्वातंत्र्य मिळाले, पण जनावर ठरवून. लोकांनी त्या हुकुमाला 'गाईघोडे सोडण्याचा हुकूम' असेच नाव ठेवले. आणि कुंटणखान्यांनी लगेच नवी पाटी लावली: आम्ही स्त्रिया ठेवीत नाही, फक्त खोल्या भाड्याने देतो, स्त्रिया आपखुशीने धंदा करतात.

याच काळात क्यूशूमधील शिमाबारा आणि आमाकुसा या गरीब भागांतल्या हजारो मुली जहाजांतून परदेशी नेल्या गेल्या. त्यांना 'कारायुकी-सान' म्हणत. सिंगापूर, बोर्निओ, रंगून, आणि आपली मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी कामाठीपुऱ्याच्या भागात जपानी स्त्रियांची घरे होती. यामाझाकी तोमोको या लेखिकेने अशाच एका परत आलेल्या वृद्धेजवळ राहून तिची कहाणी ऐकली आणि १९७२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तोवर जपानातही या स्त्रियांविषयी कोणी फारसे बोलत नसे. मुंबईतल्या जपानी स्त्रियांकडे जाणारी गिऱ्हाइके पुष्कळ होती. त्यांतल्या एकानेही त्यांच्या गावाचे नाव आपल्यासाठी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९०० मध्ये जपान सरकारने नियम केला, की गणिकेने स्वतः अर्ज दिला तर तिला धंदा सोडता येईल. कागदावर हा मोठा विजय होता. पण देह मोकळा, कर्ज मात्र खरे, असा न्यायालयांचा कल राहिला, आणि कर्ज डोक्यावर असताना अर्ज देणारी जाणार कोठे? ही गाठ अखेर सुटली ती १९५५ मध्ये. एका बापाने मुलीला पानगृहात दारू ओतण्याच्या कामावर ठेवून उचल घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की हा सारा व्यवहारच नीतीविरुद्ध म्हणून रद्द, आणि दिलेली उचलही परत मागता येणार नाही. आम्हांला विचाराल तर या विषयातला सर्वांत मोठा दिवस तो. पुढच्या वर्षी कामीचिका इचिको आदी स्त्री-लोकप्रतिनिधींच्या दीर्घ खटपटीनंतर वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. मिझोगुची केंजी या दिग्दर्शकाचा योशिवारावरचा शेवटचा चित्रपट त्याच वसंतात, कायदा मंजूर होण्यापूर्वी, पडद्यावर आला होता. आमचे पोट कोण भरणार, असे विचारणाऱ्या स्त्रियाही त्या वेळी होत्या, हे विसरता येत नाही. १ एप्रिल १९५८ पासून शिक्षेची कलमे लागू झाली आणि तीनशे चाळीस वर्षांची वस्ती कायद्याने संपली.

कायद्याने संपली, एवढेच. त्या कायद्याने संभोगाच्या विक्रीपुरतीच 'वेश्याव्यवसाय' या शब्दाची व्याख्या केली; गिऱ्हाईक होऊ नये असे म्हटले, पण प्रौढ स्त्रीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षा ठेवली नाही. रस्त्यावर उभे राहून बोलावणारी स्त्री मात्र शिक्षेस पात्र. व्याख्येच्या फटीतून नवनवे धंदे उगवले आणि १९४८ च्या करमणूक-व्यवसाय नियंत्रण कायद्याखाली नोंदले जाऊ लागले. योशिवाराच्या जागेवर 'टर्किश बाथ' या नावाची स्नानगृहे आली. आपल्या देशाचे नाव असे वापरले जाते हे पाहून एका तुर्की विद्यार्थ्याने आवाज उठविला, तेव्हा १९८४ मध्ये त्यांचे 'सोपलँड' असे नामांतर झाले. आत काय चालते हे सर्वांस ठाऊक. कागदोपत्री मात्र गिऱ्हाईक अंघोळीचे पैसे देते, आणि पुढचे दोन सज्ञान माणसांचे खासगी. १८७२ ची 'खोल्या भाड्याने' ही पाटीच जणू पुन्हा रंगवून लावली!

या जुन्या वस्त्यांचा शेवटचा मोठा जाणता म्हणजे कादंबरीकार नागाई काफू. अमेरिका व फ्रान्स पाहून आलेला, विद्यापीठात फ्रेंच वाङ्मय शिकविलेला हा विद्वान पुढे उभे आयुष्य तोक्योच्या बदनाम गल्ल्यांतून हिंडला आणि चाळीसांहून अधिक वर्षे रोजनिशी लिहीत राहिला. १९३७ मध्ये वृत्तपत्रातून प्रसिद्ध झालेली त्याची एक कादंबरी सुमिदा नदीपलीकडच्या तामानोई नावाच्या बिनपरवाना वस्तीतली आहे. एक उतारवयाचा लेखक पावसात छत्री उघडतो, एक तरुण स्त्री धावत त्या छत्रीखाली येते, आणि उन्हाळाभर तो तिच्याकडे जात राहतो. तेथल्या डासांचे, गटारांचे, दिव्यांचे वर्णन असे, की ती वस्ती १९४५ च्या बाँबवर्षावात जळाल्यानंतर या पुस्तकातच उरली. पण कथेतला निर्णायक क्षण निराळाच. तुझी बायको होऊन राहावे, असे ती सुचविते, आणि तो जाणता लेखक हळूच पाय मागे घेतो. तो तिला फसवीत नाही, दुखवू इच्छीत नाही. पण ज्या क्षणी ती 'तेथली स्त्री' न राहता एक माणूस होऊ पाहते, त्या क्षणी त्याचे जाणतेपण संपते. काफूने हे लपविले नाही, ही त्याची सचोटी. त्याच वर्षी त्याने रोजनिशीत इच्छा लिहून ठेवली, की आपल्याला जोकान-जीमध्ये त्या स्त्रियांच्या थडग्यांमध्ये पुरावे. तसे झाले नाही. १९५९ मध्ये तो वारल्यावर त्याला दुसऱ्या स्मशानभूमीत पुरले. जोकान-जीत त्याचे स्मारक १९६३ मध्ये उभारले गेले.

आजचे जाणते कोठे बसतात? ज्याची ऐपत मोठी तो गिंझाच्या क्लबात. दारावर दर लिहिलेला नाही, अनोळखी माणसाला आत घेत नाहीत, बिल महिनाअखेरीस कचेरीत येते. ते बहुधा कंपनी भरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जपानी कंपन्यांचा असा आदरातिथ्याचा खर्च वर्षाला सहा लाख कोटी येनांवर गेला होता. अ‍ॅन अ‍ॅलिसन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये काही महिने अशा एका क्लबात स्वतः नोकरी केली. त्यांचा निष्कर्ष असा, की तेथे विकला जातो तो देह नव्हे. दिवसभर वरिष्ठापुढे मान लववणाऱ्या पुरुषाला, तू मोठा आहेस असे सांगणारा एक आवाज विकला जातो. मध्यम ऐपतीच्या माणसासाठी घड्याळ लावून आकारणी करणारे क्लब आहेत. ठरावीक मुलीला बोलावले तर निराळे शुल्क, क्लबात येण्यापूर्वी तिला जेवायला नेले तर निराळे, तिला पाजलेल्या पेल्याचे निराळे. आणि ज्याला फक्त कोणीतरी ओळखावे असे वाटते, त्याच्यासाठी आमच्या यजमानांचा तो स्नॅक.

जाणत्याचा उपदेश येथे खरोखर उपयोगी पडतो. रस्त्यावर बाही धरून बोलावणाऱ्या दलालाच्या मागे जाऊ नये. शिंजुकूतल्या काबुकिचो भागात ध्वनिक्षेपकावरून हाच इशारा रात्रभर चालू असतो. बसण्यापूर्वी दर विचारावा. मुलीला खरे नाव, घर, शिक्षण विचारू नये. तिने हसून केलेल्या बोलण्याला वचन समजू नये. बाटली संपली नसली तरी शेवटच्या गाडीच्या वेळी उठावे. शेवटचे तर कोणत्याही व्यसनाला लागू.

पण गिंझाच्या त्या महिनाअखेरच्या बिलाकडे पुन्हा एकदा पाहा. तेथे प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक ठरावीक स्त्री जबाबदार असते. गिऱ्हाईक पैसे न देता नाहीसे झाले, तर रक्कम भरून देण्याचा बोजा पुष्कळदा तिच्यावर येतो. म्हणजे दारू पिणार तो, वर कौतुक ऐकून घेणार तो, आणि बुडीत खाते तिचे.

हीच उधारी अलीकडे आणखी एका रूपात पुढे आली. काबुकिचो हे नाव युद्धानंतर तेथे एक काबुकी नाट्यगृह बांधावयाचे म्हणून दिलेले. नाट्यगृह झाले नाही, नाव राहिले, आणि तेथे वेगळीच नाटके सुरू झाली. त्यांतले एक म्हणजे 'होस्ट क्लब'. येथे गिऱ्हाईक स्त्री आणि गोड बोलणारा पुरुष. समानता आली, असे कोणास वाटेल! पण पेल्यांचे मनोरे रचून त्यांत महागडी शँपेन ओतायची, आपल्या आवडत्या तरुणाला महिन्याच्या यादीत वर आणायचे, आणि पैसे संपले की उधारीवर लिहायचे, हा तेथला रिवाज. त्या उधारीला 'उरिकाके' म्हणतात. विशी-बाविशीतली मुलगी पाहता पाहता लाखो येन देणे लागते. मग तोच गोड बोलणारा तिला फेडीचा मार्ग सुचवितो: अमुक स्नानगृहात काम कर, नाहीतर ओकुबो बागेच्या बाजूला जाऊन उभी राहा. तिला कामावर लावून देणाऱ्याला वर दलाली.

हा प्रकार इतका बोकाळला की २०२५ मध्ये नियंत्रण-कायदा बदलावा लागला. गिऱ्हाइकाच्या प्रेमभावनेचा गैरफायदा घेऊन खर्च करावयास लावणे, आणि उधारी फेडण्यासाठी देहविक्रयाकडे ढकलणे, यांना मनाई झाली. स्त्रिया पुरविण्याच्या दलालीवरही बंदी आली. विनापरवाना धंद्याचे दंड पुष्कळ वाढविले. प्रेमात पडलेल्या गिऱ्हाइकाचे रक्षण करण्यासाठी कायद्याला धावावे लागले, ही गोष्ट क्योदेनला सांगितली असती तर त्याने त्यावर एक पुस्तक लिहिले असते.

आता या तीनही चित्रांची सांगड घालून पाहावी. योशिवारात कर्ज बापाने घेतले, फेडले मुलीने. गिंझात उधारी पुरुषाची, जबाबदारी स्त्रीची. काबुकिचोत स्त्री स्वतः गिऱ्हाईक झाली, तरी वहीच्या शेवटी देणेकरी तीच. दिवे बदलले, पाट्या बदलल्या, गादीवर कोण बसले आणि उभे कोण राहिले तेही बदलले. वही तीच राहिली. म्हणून आमचे म्हणणे असे, की अशा धंद्याचा विचार करताना नीतीची चर्चा खुशाल करावी, पण तिच्याआधी वही मागावी. कोण कोणाचे देणे लागतो, ते देणे कोणी लिहिले, आणि ते न फेडता दरवाज्याबाहेर पडता येते की नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ धुके निवळते. आपखुशीने काम करणाऱ्या, स्वतःचा गल्ला स्वतः मोजणाऱ्या स्त्रियाही त्या गल्ल्यांत आहेत. आमच्या यजमानांची मामा कदाचित त्यांपैकीच असेल. हे तीन प्रश्न तिलाही न्याय देतात, आणि जिचे हसणे व्याजात वळते होते तिलाही.

मुरलेले गिऱ्हाईक हे प्रश्न विचारीत नाही. तो निर्दय असतो म्हणून नव्हे. आमचे यजमान निर्दय नव्हते. मामा आजारी पडली तेव्हा त्यांनी रुग्णालयात फळे पाठविली होती, असे आम्हांला नंतर दुसऱ्याकडून कळले. पण त्यांनी तीस वर्षे जे विकत घेतले, त्यात न विचारण्याची सोयही होती. उत्तर मिळाले असते तर पेला गोड लागला नसता. जाणतेपणाची किंमत ही अशी, की माणूस गल्लीचा नकाशा होतो आणि गल्लीत राहणारा होत नाही.

शेवटी त्या झाडाकडे जाऊ. हमरस्त्याच्या कडेचे ते विलोचे झाड आज बघायला गेले तर फार काही नाही. वाहने जातात, शेजारी पेट्रोल-पंप आहे. शेकडो वर्षे पुरुष तेथे थांबून मागे वळून पाहत आले, आणि त्यावर चित्रे झाली, पुस्तके झाली, नाटके झाली. त्या बाजूने काय दिसत असे हे आपल्याला ठाऊक आहे. दरवाज्याच्या आत उभी राहून, वळणावर दिसेनाशा होणाऱ्या त्या पाठीकडे जी पाहत असे, तिच्या बाजूने काय दिसत होते, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले. श्रोते हो, पुन्हा कधी आपल्यापैकी कोणी तेथे गेलाच, तर त्याने झाडापाशी थांबून एकदा त्या बाजूने पाहण्याचा यत्न करावा, आणि तेथून थोडे चालत जोकान-जीत जाऊन यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.